पटावरचे हौशी आणि धंदेवाईक

मराठी माणसाच्या तोंडी ‘हौशी’ आणि ‘धंदेवाईक’ ही जोडी बसली ती नाटकामुळे. कचेरी सुटल्यावर जो तालमीला जातो, पदरमोड करून पडदे भाड्याने आणतो आणि प्रयोग पडला तरी दुसऱ्या दिवशी नेमाने कामावर हजर होतो, तो हौशी. ज्याच्या घरची चूल तिकीटविक्रीवर पेटते, तो धंदेवाईक. व्याख्या सोपी दिसते. पण हे शब्द उच्चारताना आपला स्वर बदलतो. हौशी म्हणताना आपण किंचित हसतो आणि धंदेवाईक म्हणताना किंचित नाक मुरडतो. पहिल्याच्या अंगी कसब नाही आणि दुसऱ्याच्या अंगी निष्ठा नाही, असा एक हिशेब आपण मनाशी मांडून ठेविलेला असतो.

हा हिशेब तपासून पाहायचा असेल तर नाट्यगृह सोडून थोडे दूर जावे, असे मला वाटते. मी वाचकांना नेणार आहे ते बुद्धिबळाच्या पटाकडे; आणि तेही पटावर बसणाऱ्या खेळाडूंकडे नव्हे, तर संगणकाला बुद्धिबळ शिकविणाऱ्या माणसांकडे. संगणकाने काय करावे हे सांगणारी जी आज्ञांची मालिका असते, तिला आपण आज्ञावली म्हणतो. बुद्धिबळाची आज्ञावली लिहिण्याचा उद्योग पाऊणशे वर्षांचा झाला. आज जगातला कोणताही विश्वविजेता जिच्यापुढे टिकत नाही, अशी आज्ञावली खिशातल्या फोनवर फुकट उतरवून घेता येते. ती हौशी लोकांनी दिली, असे म्हणावे तर तिच्या पायात व्यापाऱ्यांनी घातलेले दगड आहेत. व्यापाऱ्यांनी दिली म्हणावे, तर ती फुकट कशी? या प्रश्नाचे उत्तर शोधता शोधता हौस आणि धंदा यांमधली खरी रेघ कोठे आहे, ते सापडते.

आरंभी तर रेघच नव्हती, कारण बाजारच नव्हता. अॅलन ट्यूरिंग या इंग्रज गणितज्ञाने आपला मित्र डेव्हिड चँपरनाउन याच्या साह्याने १९४८ साली बुद्धिबळाचे नियम यंत्राला समजतील अशा भाषेत मांडावयास घेतले. ती आज्ञावली चालवील असे यंत्र तेव्हा उपलब्ध नव्हते. तेव्हा १९५२ साली ट्यूरिंग स्वतःच यंत्र झाला. समोर अॅलिक ग्लेनी बसला. आणि ट्यूरिंग आपल्याच कागदावरच्या नियमांनी हिशेब करकरून एकेक खेळी सांगू लागला. एका खेळीला अर्धा अर्धा तास लागे. एकोणतीस खेळ्यांत कागदाचे यंत्र हरले. अमेरिकेत क्लॉड शॅनन याने १९५० साली एक निबंध प्रसिद्ध करून या साऱ्या विद्येचा पाया घातला. मँचेस्टरला डीट्रिख प्रिन्झ याने १९५१ मध्ये खऱ्याखुऱ्या संगणकाकडून दोन खेळ्यांत मात करण्याची कोडी सोडवून घेतली. या मंडळींना त्यातून दमडी मिळावयाची नव्हती. मिळविण्याचा मार्गही नव्हता.

यंत्र खेळते म्हणजे काय करते, हे येथे थोडक्यात सांगितले पाहिजे. पुढचे सारे भांडण त्याच मुद्द्यावर आहे. यंत्राला दोन गोष्टी शिकवाव्या लागतात. पहिली, पुढे पाहणे: मी ही खेळी केली तर तो काय करील, मग मी काय करीन. पांढऱ्याला पहिल्या खेळीला वीस पर्याय असतात आणि काळ्याला उत्तराचे वीस. दोघांच्या दोन दोन खेळ्या होईपर्यंत खेळ्यांचे क्रम होतात एक लाख सत्त्याण्णव हजार दोनशे एक्याऐंशी. यंत्र कितीही वेगवान असले तरी हा पसारा त्याला आवरावा लागतो. कोणत्या फांद्या छाटाव्या आणि कोणत्या वाढू द्याव्या, हे ठरवावे लागते. दुसरी गोष्ट, पारख करणे: जेथे पाहणे थांबले तेथे पटावर कोणाचे बरे चालले आहे? प्याद्याला एक गुण, उंट आणि घोडा यांना तीन तीन, हत्तीला पाच, वजिराला नऊ, ही बाळबोध मोजणी झाली. पण राजा उघडा पडला आहे काय, पुढे सुटलेल्या प्याद्याची किंमत किती, याचे बारीक बारीक आकडे ठरविण्यातच आज्ञावलीकाराचे आयुष्य जाते. हे आकडे आणि ती छाटणी हेच त्याचे धन. ते उघडे ठेवावे की झाकून?

पहिल्या पिढीने ते झाकण्याचा विचार केला नाही. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या संस्थेत रिचर्ड ग्रीनब्लाट या तरुणाने लिहिलेली ‘मॅक हॅक’ ही आज्ञावली १९६७ साली माणसांच्या स्पर्धेत उतरली. माणसांच्या स्पर्धेत खेळलेली ती पहिली. ज्या प्रयोगशाळेत ती झाली तेथे रात्र रात्र जागून काम करणे आणि केलेले काम दुसऱ्याला वाचावयास देणे, ही रीतच होती. या प्रयोगशाळेचे नाव वाचकांनी लक्षात ठेवावे; पंधराएक वर्षांनी तिचा संबंध पुन्हा येणार आहे. पुढे १९७० साली न्यूयॉर्कला आज्ञावल्यांची आपसांतली स्पर्धा भरली आणि ती नॉर्थवेस्टर्न विद्यापीठातील तरुणांच्या ‘चेस’ या आज्ञावलीने जिंकली. यंत्रे खोलीएवढी अवजड. ती जागची हलत नसत. खेळ्या टेलिफोनच्या तारेने जात येत. १९७४ साली स्टॉकहोमला पहिले जागतिक अजिंक्यपद ‘काइसा’ या रशियन आज्ञावलीने मिळविले. हे सारे विद्यापीठांच्या आणि सरकारी संस्थांच्या छत्राखाली चालले होते. यंत्र दुसऱ्याचे, वेळ स्वतःचा, असा मामला होता.

यंत्र घरात आले आणि चित्र पालटले. पीटर जेनिंग्ज या कॅनडावासी गृहस्थाने १९७६ साली ‘किम-१’ नावाच्या लहानशा संगणकासाठी ‘मायक्रोचेस’ लिहिली. त्या यंत्राला पडदा नव्हता. कळांचा लहानसा चौकोन आणि आकडे दाखविणारे सहा दिवे, एवढाच त्याचा संसार. स्मरणशक्ती जेमतेम एक किलोबाइट. म्हणजे हा परिच्छेदसुद्धा तीत मावणार नाही. तेवढ्या जागेत जेनिंग्जने राजा, वजीर, घोडे, प्यादी आणि त्यांचे सारे शहाणपण बसविले. किंमत ठेविली दहा डॉलर. पैसे पाठविणाऱ्याला छापील पाने मिळत आणि त्यांवरचे आकडे त्याने स्वतः एकेक करून यंत्रात भरावयाचे. लोकांनी ते आनंदाने केले. त्या विक्रीतून जो पैसा उभा राहिला, त्याच्या बळावर जेनिंग्जच्या मंडळीने पुढे ‘व्हिजिकॅल्क’ हे हिशेबाच्या तक्त्यांचे साधन बाजारात आणले. आणि घरगुती संगणक कचेऱ्यांत शिरला तो त्या तक्त्यांमुळे. एका हौशी माणसाच्या खेळाने व्यापाराची केवढी दारे उघडली!

दुसरी गोष्ट डॅन आणि कॅथी स्प्रॅकलेन या जोडप्याची. नवराबायकोंनी मिळून घरच्या संगणकावर एक आज्ञावली लिहिली आणि तिला ‘सारगॉन’ या प्राचीन राजाचे नाव दिले. मार्च १९७८ मध्ये कॅलिफोर्नियातील संगणकांच्या जत्रेत केवळ छोट्या यंत्रांसाठी स्पर्धा भरली होती. ती सारगॉनने जिंकली. मग या जोडप्याने एका मासिकात जाहिरात दिली: पंधरा डॉलर पाठवा, आज्ञावलीच्या मूळ मजकुराची नक्कल टपालाने पाठवू. पुढे तोच मजकूर पुस्तकरूपाने निघाला. येथे जरा थांबले पाहिजे. हा धंदा होता यात शंका नाही. पैसे मोजून घेतले होते. पण विकले काय? ज्याला आपण गुपित म्हणू तेच विकले. विकत घेणाऱ्याने ते वाचावे, आपल्या यंत्राला जुळेल असे बदलावे, त्यातून शिकावे. धंदा आणि उघडेपणा एका घरात नांदू शकतात, याचा हा पहिला दाखला. तो पुढची अनेक वर्षे विसरला गेला.

कारण त्यानंतर आला बंद पेटीचा काळ. अमेरिकेतील फिडेलिटी कंपनीने १९७७ साली बुद्धिबळ खेळणारी पेटी बाजारात आणली होती. थोड्याच दिवसांत स्प्रॅकलेन दांपत्य या कंपनीसाठी लिहू लागले. आणि १९८० साली लंडनला झालेले छोट्या यंत्रांचे पहिले जागतिक अजिंक्यपद त्यांच्याच आज्ञावलीने फिडेलिटीला मिळवून दिले. जर्मनीत म्यूनिकच्या हेगेनर आणि ग्लासर कंपनीने ‘मेफिस्टो’ नावाचे सुबक लाकडी पट काढले. त्यांच्या पोटातली आज्ञावली रिचर्ड लँग या इंग्रजाची. १९८५ पासून १९९० पर्यंत छोट्या यंत्रांचे अजिंक्यपद लँगने दुसऱ्या कोणाला मिळू दिले नाही. १९९२ मध्ये माद्रिदला एड श्रोडर या डच गृहस्थाच्या आज्ञावलीने तर मोठमोठ्या यंत्रांना मागे सारून जागतिक अजिंक्यपद पटकाविले. छोट्या यंत्राने ते मिळविण्याची ती पहिलीच वेळ. आणि १९९४ साली लंडनच्या जलद स्पर्धेत लँगच्या ‘जीनियस’ने प्रत्यक्ष कास्पारोव्हला बाद केले.

या लोकांना केवळ धंदेवाईक म्हणून हातावेगळे करणे अन्यायाचे होईल. वीस वीस वर्षे एकाच कामात डोके घालायचे, तर पोटाची सोय कोणी तरी करावयास हवी. ती पेटी विकत घेणाऱ्या गिऱ्हाइकांनी केली. पण या काळाने एक वाईट सवय लावली. आपल्याकडे जुने गवई खास चीजा घराण्याबाहेर जाऊ देत नसत. शिष्य नालायक निघाला तर चीज बरोबर घेऊन जात. तसे येथे झाले. आज्ञावली चिपमध्ये कोंडलेली. ती कशी खेळते हे पटावर दिसे, का खेळते ते कोणाला कळत नसे. प्रत्येक नवख्याला पहिल्यापासून सारे स्वतः शोधावे लागे. चार शहरांत चार माणसे तेच शोध स्वतंत्रपणे लावीत आणि चौघेही ते दडवून ठेवीत.

याच काळात स्पर्धांच्या चालकांपुढे एक व्यवहारी अडचण उभी राहिली. एका टेबलाशी कंपनीने खास वेगवान करून आणलेले यंत्र, आणि समोर रजा काढून आलेला एखादा विद्यार्थी आपल्या घरच्या संगणकासह. तेव्हा हौशींसाठी निराळी बक्षिसे आली. स्पर्धा भरविणाऱ्या आंतरराष्ट्रीय संघटनेने पुढे प्रवेशशुल्कासाठी हौशी, अर्ध-व्यावसायिक आणि व्यावसायिक असे तीन वर्ग केले. आपल्याकडील नाट्यस्पर्धांच्या चालकांना ही डोकेदुखी समजावून सांगावयास नको. कारण माणसे वर्गात राहत नाहीत. श्टेफान मायर-काहलेन या जर्मन तरुणाने विद्यार्थिदशेत हौसेने सुरू केलेली ‘श्रेडर’ १९९६ साली जकार्ताला छोट्या यंत्रांची विजेती झाली. पुढे ती दुकानात आली आणि अनेकदा विश्वविजेती ठरली. म्हणजे कालचा हौशी आज धंदेवाईक झाला. पण याच धंदेवाईकाने २००० साली रुडॉल्फ ह्यूबर याच्यासह आज्ञावली आणि पडद्यावरचा पट यांनी एकमेकांशी कसे बोलावे याची एक साधी नियमावली तयार केली आणि ती सर्वांना मोकळी केली. आजही जवळजवळ प्रत्येक हौशी आज्ञावली ती नियमावली पाळते.

बंद पेटीला पहिले मोठे छिद्र पाडले ते एका प्राध्यापकाने. अमेरिकेचे रॉबर्ट हायट हे १९८३ आणि १९८६ साली ‘क्रे ब्लिट्झ’ घेऊन जगज्जेते झालेल्या चमूतले. त्यांनी १९९० नंतरच्या दशकात ‘क्राफ्टी’ लिहिली आणि तिचा मूळ मजकूर, ज्याला सोर्स कोड म्हणतात, तो इंटरनेटवर ठेवून दिला. ज्याला शिकावयाचे असेल त्याने वाचावे. मात्र तीच आज्ञावली आपली म्हणून स्पर्धेत उतरवू नये, एवढीच अट. जगभरचे नवशिके क्राफ्टी वाचून शिकले. संगणक किती वेगाने चालतो हे मोजण्याच्या एका प्रमाणित चाचणीतसुद्धा तिचा समावेश झाला. त्याच सुमारास, १९९७ मध्ये, आयबीएम कंपनीच्या ‘डीप ब्लू’ने सेकंदाला वीस कोटी स्थिती तपासून कास्पारोव्हला साडेतीन विरुद्ध अडीच गुणांनी हरविले. जगभर गाजावाजा झाला आणि कंपनीने यंत्र बासनात बांधले. पुन्हा सामना झाला नाही. कंपनीचे काम झाले होते. क्राफ्टी मात्र चालूच राहिली.

आता या कथेतला कळीचा प्रसंग येतो. फाबियां लेतूझे या फ्रेंच माणसाने २००४ साली ‘फ्रूट’, म्हणजे फळ, नावाची आज्ञावली काढली. तिचा मजकूर इतका स्वच्छ आणि बेतशीर होता की, चांगल्या गद्याचा नमुना म्हणून वर्गात लावावा. २००५ साली तिची २.१ ही आवृत्ती जीपीएल नावाच्या परवान्याखाली सर्वांना खुली झाली आणि त्याच वर्षी रेक्याविकच्या जागतिक स्पर्धेत फ्रूट दुसरी आली. पहिली आली ती ‘झापा’. तिचा कर्ता अँथनी कोझी हाही विद्यापीठात शिकणारा. दुकानातली सारी नामांकित नावे या दोघांच्या मागे!

त्याच वर्षीच्या डिसेंबरात ‘रिब्का’ अवतरली. चेक भाषेत या शब्दाचा अर्थ चिमुकली मासोळी. कर्ता वासिक रायलिख, स्वतः बुद्धिबळातला इंटरनॅशनल मास्टर. या मासोळीने पाहता पाहता सारे तळे काबीज केले. ती विकली जाऊ लागली आणि २००७ ते २०१० अशी सलग चार वर्षे तिने जागतिक अजिंक्यपद मिळविले. पण तिच्या चालीत फ्रूटची चाल ओळखू येते, अशी कुजबूज सुरू झाली. पुढे तज्ज्ञांनी तयार आज्ञावली उलटी उसवून तिचे टाके तपासले. २०११ च्या आरंभी लेतूझेनेही पत्र लिहून चौकशी मागितली. त्याच वर्षी जूनमध्ये संघटनेने निवाडा दिला: रिब्काच्या सुरुवातीच्या आवृत्त्यांत क्राफ्टी आणि फ्रूट यांची उसनवारी आहे आणि ती कबूल केलेली नाही. चारही अजिंक्यपदे काढून घेण्यात आली आणि रायलिखला जन्माची बंदी झाली.

रायलिखने आरोप नाकारला. चौकशी करणारे बहुतेक स्वतःच आज्ञावलीकार, म्हणजे त्याचे प्रतिस्पर्धी, असा आक्षेपही आला आणि तो अगदीच पोकळ नव्हता. पुढे २०१५ साली जागतिक बुद्धिबळ महासंघाच्या नीती आयोगाने जन्मठेपेची ही बंदी संघटनेच्या नियमांत बसत नाही, असे म्हणून संघटनेलाच ताकीद दिली. शब्दशः नक्कल किती, कल्पनांची उसनवारी किती, याविषयी जाणत्यांत अद्याप मतभेद आहेत. पण मला महत्त्वाचे वाटते ते निराळेच. रिब्का विकली, पैसे मिळविले, हा आरोप कोणी केला नाही. आरोप होता तो नाव न घेतल्याचा.

आपल्या परंपरेत याला तोड आहे. तुकारामाचा अभंग कोणीही गावा. कीर्तनकाराने त्यावर तासभर निरूपण करावे, बिदागी घ्यावी. कोणी त्याला चोर म्हणत नाही. परंतु शेवटच्या चरणातली नाममुद्रा काढून तेथे स्वतःचे नाव घालील, त्याला गाव उभे करणार नाही. ही नाममुद्रेची रीत कायद्याच्या भाषेत मांडण्याचे काम ज्याने केले, तो रिचर्ड स्टॉलमन त्याच प्रयोगशाळेतला, जिचे नाव मी वाचकांना लक्षात ठेवावयास सांगितले होते. १९८० च्या सुमारास त्या प्रयोगशाळेतील माणसे दोन कंपन्यांत वाटली गेली. त्यांतली एक कंपनी खुद्द ग्रीनब्लाटची. मोकळे दार बंद झाले. त्या दुःखातून स्टॉलमनने १९८३ साली मुक्त आज्ञावल्यांची चळवळ पुकारली आणि १९८९ साली तिचा परवाना तयार केला. तोच हा जीपीएल. त्याचे म्हणणे असे: घ्या, वाचा, बदला, हवे तर विका, पण ज्याला द्याल त्याला मूळ मजकूरही द्या, पूर्वीच्यांचे हक्क सांगा, आणि जे स्वातंत्र्य तुम्हांला मिळाले तेच पुढच्याला मिळू द्या.

या परवान्याच्या सावलीतच पुढचे झाड वाढले. नॉर्वेचा टोर्ड रोमस्टाड ‘ग्लाउरुंग’ नावाची आज्ञावली लिहीत असे. २००८ साली इटलीच्या मार्को कोस्टाल्बाने ती घेऊन स्वतंत्र शाखा काढली आणि तिला नाव दिले ‘स्टॉकफिश’, म्हणजे वाळविलेला मासा. मासा नॉर्वेत धरावा आणि इटलीत रांधावा, असा विनोद त्यात आहे. कोकणातल्या माणसाला तो समजावून सांगण्याची गरज नाही. फिनलंडचा योना कीस्की आणि स्वतः रोमस्टाडही येऊन मिळाले. २०१३ साली गॅरी लिन्स्कॉट याने ‘फिशटेस्ट’ ही सोय उभी केली. कोणी नवी कल्पना सुचविली की जुनी आणि नवी आवृत्ती एकमेकींशी हजारो डाव खेळतात. नवी खरोखर सरस ठरली तरच ती स्वीकारावयाची. हे डाव खेळण्यास संगणक देतात ते जगभरचे स्वयंसेवक. कोणी रात्री झोपताना आपले यंत्र चालू ठेवून जातो, एवढेच. कंपनीला जी परीक्षागृहे पैसे ओतून उभारावी लागली असती, ती येथे भिशीसारखी वर्गणीतून उभी राहिली. २०१४ च्या मे महिन्यात संगणकांच्या सर्वांत मानाच्या स्पर्धेत स्टॉकफिशने ‘कोमोडो’चा साडेपस्तीस विरुद्ध साडेअठ्ठावीस गुणांनी पराभव केला.

हा कोमोडो दुकानातला होता. पण त्याच्याविषयी दोन शब्द लिहिल्यावाचून पुढे जाता येत नाही. त्याचा कर्ता डॉन डेली कित्येक वर्षे या विद्येत होता. रक्ताच्या कर्करोगाने तो नोव्हेंबर २०१३ मध्ये वारला. त्याआधी त्याने आपले काम दुसऱ्याच्या हाती नीट सोपविले. आणि पुढच्याच महिन्यात कोमोडोने स्टॉकफिशला हरवून तीच स्पर्धा जिंकली. ज्याने आपली आज्ञावली विकली त्याच्या ठायी हौस नव्हती, असे कोण म्हणेल?

डिसेंबर २०१७ मध्ये गूगलच्या मालकीच्या डीपमाइंड संस्थेने ‘अल्फाझीरो’ची वार्ता दिली. माणसाने ठरविलेले पारखीचे आकडे तिला दिले नव्हते. केवळ नियम सांगितले होते. स्वतःशीच डाव खेळून ती काही तासांत शिकली आणि स्टॉकफिशशी झालेल्या शंभर डावांत अठ्ठावीस जिंकली, बहात्तर बरोबरीत सुटले, एकही हरली नाही. डीप ब्लूसारखीच गोष्ट झाली: निबंध प्रसिद्ध झाला, आज्ञावली लोकांच्या हाती आली नाही. तेव्हा हौशी लोकांनी तो निबंध वाचून २०१८ च्या आरंभी ‘लीला चेस झीरो’ सुरू केली. हजारो घरच्या यंत्रांवर तिचे शिक्षण झाले आणि २०१९ साली तिने स्टॉकफिशलाही हरविले. दरम्यान जपानमध्ये यू नासू याने शोगी या तिकडच्या बुद्धिबळासाठी साध्या संगणकावर चालणारे एक लहान जाळे शोधले होते. हिसायोरी नोदा याने ते स्टॉकफिशमध्ये बसवून दाखविले. २०२० साली ते तिचा भाग झाले. पुढे ते जाळे शिकविण्यास लीलाने खेळलेले डाव उपयोगी पडले. प्रतिस्पर्ध्याच्या वहीतून अभ्यास करायचा, आणि वही कोणाची ते सांगायचे, असा हा व्यवहार.

त्याच्या पुढच्या वर्षी जुना प्रश्न नव्या वेषात आला. हॅम्बुर्गची चेसबेस कंपनी बुद्धिबळपटूंना सुपरिचित आहे. डावांचे भांडार संगणकावर आणून तिने खेळाची तयारी करण्याची रीतच बदलली, हे तिचे ऋण मान्य केले पाहिजे. तिने फेब्रुवारी २०२१ मध्ये ‘फॅट फ्रिट्झ २’ शंभर युरोंच्या आसपास किमतीला विक्रीस काढले. आत इंजिन होते स्टॉकफिशचे. पारखीचे जाळे तेवढे निराळे शिकविलेले. परवान्याच्या अटी पाळल्या नाहीत आणि गिऱ्हाइकाला आपण काय घेत आहोत हे नीट कळू दिले नाही, असा आरोप करून स्टॉकफिशच्या मंडळींनी जुलै २०२१ मध्ये म्यूनिकच्या न्यायालयात दावा लाविला. नोव्हेंबर २०२२ मध्ये तडजोड झाली. कंपनीने ते उत्पादन मागे घेतले, एक वर्ष स्टॉकफिश असलेले काही विकावयाचे नाही हे कबूल केले, आणि मुक्त परवान्यांचे पालन होते की नाही हे पाहण्यासाठी स्वतंत्र माणूस नेमण्याचे मान्य केले. वर्षानंतर, अटी पाळून, तिला ती आज्ञावली पुन्हा वापरण्यास मोकळीक होती. हौशींनी व्यापाऱ्याला बाजारातून हाकलले नाही. त्याला सही करावयास लाविले.

म्हणून मी म्हणतो की, पैसा घेणे आणि न घेणे ही रेघ येथे उपयोगाची नाही. जेनिंग्जने दहा डॉलर घेतले, स्प्रॅकलेन दांपत्याने पंधरा घेतले, आणि दोघांनीही घेणाऱ्याच्या हाती विद्या दिली. कसबाचीही रेघ नाही. रजा काढून आलेल्या विद्यार्थ्यांनी दुकानेच्या दुकाने मागे टाकली. रेघ आहे ती एवढीच: आपल्या आधी कोण चालून गेले हे तुम्ही सांगता की पुसता? आणि जी वाट तुम्हांला मोकळी मिळाली, ती मागून येणाऱ्याला मोकळी ठेविता की तिच्यावर फाटक बांधता? बड्या कंपन्या पटाजवळ आल्या, जिंकल्या आणि निघून गेल्या. छोटे व्यापारी राहिले आणि त्यांनी बुद्धिबळ घरोघरी नेले. हौशी मात्र एकमेकांच्या खांद्यावर उभे राहत गेले. कारण खांद्यावर उभे राहण्याची त्यांच्यात बंदी नव्हती, खालच्याचे नाव विसरण्याची होती.

याचा लाभ कोणाला? २०२५ साली बाटुमीला महिलांचा विश्वचषक जिंकणारी नागपूरची दिव्या देशमुख २००५ च्या डिसेंबरात जन्मली; फ्रूट खुली झाली ते हेच वर्ष. या पिढीच्या मुलामुलींना कळावयास लागले तेव्हा जगातला सर्वांत बलवान खेळाडू त्यांच्या घरात विनामूल्य येऊन बसला होता. एके काळी अशा शिक्षकासाठी मॉस्कोत जन्मावे लागे. आज तालुक्याच्या गावी, वडिलांच्या फोनवर, एखादा मुलगा आपला हरलेला डाव घालून कोठे चुकलो ते विचारतो आणि क्षणात उत्तर मिळते. त्या मुलाला फिशटेस्ट ठाऊक नाही, लेतूझे ठाऊक नाही. आणि त्याच्याकडून कोणी काही मागतही नाही. परंतु स्टॉकफिशच्या प्रत्येक प्रतीबरोबर एक साधे पान येते. त्यावर, ज्यांनी ज्यांनी तिला हात लाविला त्यांची नावे ओळीने लिहिलेली आहेत. कोणी एक ओळ सुधारली, कोणी आयुष्याची दहा वर्षे दिली. यादी बरीच लांब आहे आणि तिच्यात अजून भर पडत आहे. त्या मुलाला केव्हा तरी कोणी तरी ते पान उघडून दाखवावे.